चौथा परिच्छेद

छापखान्यात तिला नावाने कोणीच हाक मारत नसे. ती टिंबताई. वाक्य संपलं आणि पुढे टिंब नसलं तर हिच्या घशाखाली घास उतरत नाही, असं यंत्रावरची माणसं म्हणायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. दुकानांच्या पाट्या असोत, औषधांच्या बाटल्या असोत की बसच्या तिकिटामागचे नियम, दिसेल ते वाचायचं आणि वाचेल त्यात चूक काढायची, ही तिची जन्माची खोड. एकदा दवाखान्यात हाताला सलाइन लावलेलं असताना खाटेला लटकवलेल्या तक्त्यातले दोन शब्द तिने नर्सकडून दुरुस्त करून घेतले होते. नर्स म्हणाली, "आजी, ताप किती आहे तो बघू द्या आधी." ताप बाजूलाच राहिला, टिंबताई 'आजी'वरून दोन दिवस धुमसत होती. तेव्हा ती जेमतेम पंचेचाळिशीची होती.

आता बावन्न. त्यातली सव्वीस वर्षं या एकाच छापखान्यात, एकाच टेबलाशी गेलेली. यंत्रघर आणि प्रुफांची खोली यांच्यात फक्त एक काच होती. मोठं यंत्र सुरू झालं की तिच्या कपातल्या चहावर गोल गोल लाटा उठायच्या आणि ती लाटांसकट चहा प्यायची. छापखाना चालायचा तो शाळेच्या पुस्तकांवर. शिक्षणखात्याचं काम, साठ माणसांची चूल त्यावर. सव्वीस वर्षांत तिची सही झालेल्या एकाही फर्म्यात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या तावात, चूक निघाली नव्हती. याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

त्या वर्षी नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एक नवा धडा आला. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका विचारवंतावरचा. चारच परिच्छेद, पण टिंबताईने ते इतक्यांदा वाचले की त्या माणसाला ती घरी 'म्हातारा' म्हणू लागली, जणू वरच्या मजल्यावर राहायला आलेला कोणी.

"म्हातारा काय म्हणतो माहितीये का," ती नवऱ्याला सांगायची. नवरा कवळ्या बनवायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं बाक होतं. त्यावर रांगेने दात मांडलेले, आणि तो खालमानेने एकेक दात कानशीने घासत बसलेला असे. "म्हणतो, माणसावर कोणाचा धाक नसला की तो दुसऱ्याला भिऊन राहतो. बळकटातला बळकट माणूससुद्धा झोपतोच की नाही? मग झोपेत त्याला किडकिडीत माणूसही मारू शकतो. म्हणून कोणीच कोणाकडे पाठ करत नाही. शेती नाही, धंदा नाही, नुसती एकमेकांच्या नरड्याची काळजी."

"खरंय," नवरा म्हणायचा. "गावात कवळ्या करणारे आम्ही तीनच जण, तर ही अवस्था."

"मग सगळे मिळून आपली ताकद एकाच्या हातात देतात. तू राज्य कर, आम्ही ऐकतो, पण आम्हाला एकमेकांपासून वाचव. तो राजा असो की सभा असो. तो सांगेल तो कायदा. वाईट राज्य परवडलं, पण राज्यच नसणं नको."

"शहाणा आहे म्हातारा."

"थांबा, चौथा परिच्छेद राहिलाय. सगळं देऊन टाकलं तरी एक गोष्ट माणूस देऊच शकत नाही, म्हणतो. स्वतःचा जीव. राज्यकर्ता म्हणाला, अन्न सोड, औषध घेऊ नको, स्वतःच्या हाताने स्वतःला इजा कर, तर नाही म्हणता येतं. स्वतःविरुद्ध साक्ष दे म्हणाला, तरी नाही म्हणता येतं. आणि तो आपल्याला वाचवू शकेनासा झाला, की त्याचं ऐकायचं बंधनही संपतं."

नवऱ्याची कानस थांबली. "हे मुलांच्या पुस्तकात आहे?"

"नववीच्या."

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा दात घासू लागला.

शेवटच्या प्रुफाच्या दिवशी मालक स्वतः काचेच्या दाराशी आले. मालक तसे साधे गृहस्थ. कोणावर ओरडायचं झालं तर आधी अर्धा तास पोटात गोळा येणारे. हातात खात्याची चिठ्ठी होती.

"ताई, पान एकसष्ट. चौथा परिच्छेद गाळायचाय. वरून आलंय."

"कारण?"

"पानात बसत नाही म्हणतात."

टिंबताईने पट्टी घेतली, पानाला लावली. "बसून वर चार ओळींची जागा उरते."

"अहो, मला काय मोजून दाखवता? मुलांचा गोंधळ होईल, असं साहेबांचं म्हणणं आहे."

"गोंधळ तीन परिच्छेदांनी होईल, मालक. तीनच ठेवले तर त्या माणसाने जे सांगितलं नाही ते त्याच्या तोंडी जातं. 'मुकाट ऐका' एवढंच म्हणून तो थांबला नव्हता. गाळायचा तर अख्खा धडा गाळा. अर्ध्या माणसावर मी सही करणार नाही."

मालकांनी कपाळ चोळलं. "तुम्ही नका करू काही. मी ऑपरेटरला सांगतो."

ऑपरेटर म्हणजे टकटक्या. अक्षरजुळणीवर बसणारा, चाळिशीचा, बोटं कायम चालू. जेवतानाही डब्याच्या झाकणावर टकटक करायचा. त्याने परिच्छेद उडवला. पण नियमाप्रमाणे पान परत टिंबताईकडे आलं, कारण तिच्या सहीशिवाय छपाईची प्लेट बनत नसे. तिने ते वाचलं. धडा तिसऱ्या परिच्छेदावर असा संपत होता, की जणू म्हातारा हात जोडून कोणापुढे उभा आहे. तिने समासात लाल शाईने लिहिलं: 'चौथा परिच्छेद कायम ठेवावा.' खाली पूर्ण सही, तारीख, वेळ.

टकटक्याने कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं. "ताई, मालक म्हणाले होते..."

"सही कोणाची आहे?"

"तुमची."

"मग तुझं काय जातंय?"

त्याने परिच्छेद परत घातला. प्लेट झाली, यंत्र सुरू झालं, तिच्या चहावर लाटा उठल्या. चाळीस हजार प्रती.

आठ दिवसांनी खात्याचे साहेब नमुना प्रत घेऊन आले तेव्हा मालकांची पाचावर धारण बसली. साहेब ओरडणारे नव्हते. ते खुर्चीवर बसले, पान एकसष्ट उघडून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे कसं झालं, एवढंच मला लेखी हवंय. मलाही वर उत्तर द्यायचंय."

मालकांनी लगोलग टिंबताईला बोलावलं. टाइप केलेला कागद तयार होता. दोनच ओळी. 'सदर परिच्छेद माझ्या नजरचुकीने राहून गेला. याबद्दल मी दिलगीर आहे.'

"सही करा आणि विसरून जा," मालक हळूच म्हणाले. "एक ताकीद मिळेल. बास. सव्वीस वर्षांत पहिलीच, कोणी काही म्हणणार नाही."

टिंबताईने कागद दोनदा वाचला. सवयीने.

"नजरचूक नव्हती," ती म्हणाली.

"बाई," साहेब शांतपणे म्हणाले, "तुमच्या भल्याचंच सांगतायत ते."

"माझी नजर चुकली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मी तो परिच्छेद बघून, वाचून, समजून ठेवलाय. तसं लिहा, आत्ता सही करते."

"तसं लिहिलं तर प्रकरण वाढेल. मग मला विचारतील, असा छापखाना ठेवलाच कशाला."

"साहेब, याच पानावर खाली छापलंय बघा. माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही. आणि तुम्ही तर खोटी साक्ष मागताय."

साहेबांनी पानाकडे पाहिलंच नाही. "सोमवारपर्यंत वेळ देतो. कागद मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर पुढच्या वर्षीचं काम दुसरीकडे जाईल." ते उठले. दाराशी थांबून मालकांना म्हणाले, "आणि त्या चाळीस हजार प्रतींवर पांढरी पट्टी चिकटवून घ्या. परिच्छेद दिसता कामा नये. सोमवारी गाड्या येतील."

बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत यंत्रघरात पोचली. कोणी तिच्याशी भांडलं नाही. नुसतं, ती डबा घेऊन लांब टेबलाशी आली तेव्हा शेजारच्या दोघांना एकदम हात धुवायचे आठवले. समोरचा फोरमन खाली बघत जेवत राहिला. शेवटी न राहवून म्हणाला, "तुमचं ठीक आहे ताई. तुमचे मिस्टर कमावतात. माझ्या घरी कमावणारा मी एकटा. एका सहीसाठी साठ माणसांच्या पोटावर पाय?"

"पाय माझा नाहीये," ती म्हणाली.

"कोणाचाही असो, पोट आमचंच आहे."

तिने डब्याचं झाकण लावलं आणि आपल्या खोलीत गेली. दुपारभर तिच्या खोलीत कोणी आलं नाही. यंत्रावरची माणसं आपसांतही नीट बोलेनात. याने तर मालकांच्या कानात काही घातलं नसेल ना, तो तर आधीच दुसरीकडे नोकरी बघत नसेल ना, असे सगळे एकमेकांना तिरक्या डोळ्यांनी जोखत होते. टिंबताईला वाटलं, म्हाताऱ्याचे पहिले दोन परिच्छेद काचेपलीकडे उभे राहून हातपाय हलवतायत. आणि आपणच त्यांना बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या टेबलावर तिच्या लाल शाईचं ते पान पडलेलं दिसलं. ते टकटक्याच्या कपाटात असायला हवं होतं. जिन्यात तो भेटला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं.

"ताई, मला विचारलं त्यांनी. मी घाबरलो. म्हटलं, माझ्यावर येईल..."

"तू स्वतःला वाचवलंस," ती म्हणाली. "म्हाताऱ्याने तेवढी सूट सगळ्यांना दिलीय." आणि मग राहवलं नाही म्हणून, "पण पान देताना मला सांगितलं असतंस तर मी स्वतः नेऊन दिलं असतं रे. मी कुठे लपवत होते?"

तो कठड्यावर बोटं वाजवायचीही विसरला.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. हातातली कवळी पाण्याच्या भांड्यात ठेवली. "अगं, नजरचूक म्हणजे काय, एक शब्द. लोक दिवसातून दहा वेळा म्हणतात."

"लोक म्हणतात. माझा धंदा नजरेचा आहे. तुमच्या कवळीने कोणाची हिरडी सोलली, आणि तुम्ही ती मुद्दाम तशी बनवली नव्हती, तरी 'मुद्दाम केली' असं लिहून द्याल?"

"उलट आहे ते."

"उलटच सांगतेय. मी मुद्दाम केलं, आणि चुकून झालं असं लिहून मागतायत. दोन्हीकडे खोटंच."

नवऱ्याने हात पुसले. भित्रा माणूस. उभ्या आयुष्यात शेजाऱ्याच्या रेडिओबद्दलही कधी तक्रार न केलेला. "मला भीती वाटतेय," तो म्हणाला. "ती वाटणारच. तू माझ्याकडे बघून काही ठरवू नकोस, एवढंच." एवढं बोलणं त्याला किती जड गेलं असेल, ते तिला कळलं.

शनिवारी सकाळी पट्ट्या आल्या. पांढऱ्या कागदाच्या, बरोबर परिच्छेदाएवढ्या कापलेल्या गठ्ठ्यांनी. बांधणी विभाग मागच्या लांब खोलीत होता. तिथे चौदा बायका उंच स्टुलांवर बसून काम करायच्या, आणि त्यांच्यावर काकू. काकू म्हणजे आडव्या बांध्याची, तीस वर्षं खळीत हात घातलेली बाई. फर्मे चुकीच्या क्रमाने आले तर नुसत्या वजनावरून सांगायची. पुस्तकं लाखोंनी बांधली, पण वाचायच्या वाटेला कधी गेली नव्हती. अक्षर लावत लावत वाचायची, आणि तेवढा वेळ कोणाला होता?

आज वेळ निघाला. हाताखालून रोज हजारो पानं जातात आणि कोणी ढुंकून बघत नाही. पण एकच चौकोन झाका म्हटल्यावर त्या चौकोनात काय आहे, हे बघितल्याशिवाय कोणाचा ब्रश खळीत बुडेना.

"ए, काय आहे गं यात?" काकूंनी विचारलं.

एकीने वाचायला घेतलं आणि मधेच अडखळली. तेव्हा काकू उठल्या, पुस्तक घेऊन थेट प्रुफांच्या खोलीत आल्या. तीन दिवसांत त्या दारातून आत येणाऱ्या त्या पहिल्याच.

"वाचून दाखव. सगळ्यांपुढे."

टिंबताई मागच्या खोलीत गेली आणि तिने वाचलं. आधीचे तीनही परिच्छेद वाचले, मग चौथा. सावकाश, प्रत्येक टिंबाला थांबून. अन्न सोड म्हटलं तर नाही म्हणता येतं, हे वाक्य आलं तेव्हा पलीकडच्या रांगेतली एक किडकिडीत बाई म्हणाली, "म्हणजे मागच्या साली मालकांनी माझी दवाखान्याची रजा नाकारली होती, तेव्हा मी नाही म्हणू शकत होते?"

"तो राज्यकर्त्याबद्दल म्हणतो," टिंबताई म्हणाली. "पण हो. म्हणू शकत होतीस."

"मग हे झाकायचं का?"

काकूंनी पट्ट्यांचा एक गठ्ठा उचलून हातात तोलला आणि परत खाली ठेवला. "आम्ही पुस्तकं बांधतो," त्या म्हणाल्या. "झाकायला कोणी सांगितलं नव्हतं कामावर घेताना." आणि ब्रश पाण्याच्या डब्यात टाकून स्टुलावर हाताची घडी घालून बसल्या. एकेक करून चौदाही ब्रश डब्यात गेले.

मालक धावत आले. आधी समजावलं, मग पित्ताची गोळी घेतली, मग परत समजावलं. "काकू, तुमच्या नातवाच्या शाळेतही हीच पुस्तकं जातायत. सोमवारी गाडी रिकामी गेली तर पोरांनी काय करायचं?"

"गाडी रिकामी कशाला जाईल? पुस्तकं तयार आहेत. पट्टीवाचून काय अडलंय?"

"साहेब काम काढून घेतील!"

"घेऊ देत. चाळीस हजार पुस्तकांना दोन दिवसांत दुसरीकडे कुठे पट्ट्या लावून मिळतात, ते बघू देत."

फोरमन दारात उभा होता. त्याने मालकांकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. तो काही बायकांच्या बाजूने बोलला नाही, पण मालक जेव्हा त्याला म्हणाले, "यंत्रावरची माणसं आण, ते लावतील पट्ट्या," तेव्हा म्हणाला, "त्यांना खळ लावता येत नाही मालक. पानं भिजतील." हे खोटं होतं. दोघांनाही माहीत होतं.

सोमवारी साहेब गाड्यांबरोबर आले. मागच्या खोलीत चौदा बायका हाताची घडी घालून बसलेल्या होत्या, काकूंसकट पंधरा. साहेबांनी आवाज न चढवता विचारलं, "तुमचा म्होरक्या कोण?"

इथे टिंबताईला पुढे होणं भागच होतं. "यांना मी वाचून दाखवलं. परिच्छेद मी ठेवला. माझ्या सहीचं पान मालकांच्या टेबलावर आहे. दुसऱ्या कोणाला विचारू नका."

"म्हणजे कबूल करताय?"

"केलं ते कबूल आहे. चूक कबूल नाही."

"बाई, धाक नसला तर हे सगळं एका दिवसात कोसळेल, कळतंय का तुम्हाला? तुमचा तो विचारवंतच सांगतो."

"सांगतो की. धाक हवा, असंच सांगतो. मी कुठे धाक नाकारते? सव्वीस वर्षं वेळेवर येतेय. पण स्वतःच्या हाताने स्वतःवर खोटं लिही, हे त्यात बसत नाही. तुम्ही त्याचा एक परिच्छेद कापलात म्हणून तुम्हाला तो आपला वाटतोय."

साहेबांचा चेहरा पहिल्यांदाच लाल झाला. त्यांनी घड्याळ पाहिलं. शाळा गुरुवारी उघडणार होत्या. बाहेर गाड्यांचे हमाल पायरीवर बसून चहा पीत होते. साहेब मालकांना घेऊन काचेच्या खोलीत गेले आणि अर्ध्या तासाने बाहेर आले. पुस्तकं जशी आहेत तशी जातील, पुढच्या वर्षीचं कामही इथेच राहील. आणि या बाई आजपासून कामावर नसतील.

मालक पत्र घेऊन आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. टिंबताईने पत्र वाचलं. 'अक्षम्य निष्काळजीपणाबद्दल.' तिने ते टेबलावर परत सरकवलं.

"हे मी घेणार नाही. निष्काळजीपणा नव्हता. काढा मला, तुमचा छापखाना आहे. पण कारण खरं लिहा. 'वरिष्ठांचा आदेश डावलून परिच्छेद कायम ठेवल्याबद्दल.'"

"अहो, असं पत्र घेऊन तुम्हाला दुसरीकडे कोण उभं करेल?"

"ते मी बघते."

मालकांनी दुसरं पत्र टाइप करून आणलं. 'वरिष्ठांचा' मध्ये ठ च्या जागी ट पडला होता. तिने ते दुरुस्त करायला लावलं. तिसऱ्यांदा पत्र बरोबर आलं, तेव्हा तिने पोच म्हणून सही केली. काकू दारापर्यंत आल्या, खळीचे हात तसेच, आणि म्हणाल्या, "जा. उन्हाच्या आत घरी पोच." टकटक्या जिन्यात उभा होता. त्याने तिची पिशवी खालपर्यंत आणून दिली.

पुढचे दोन महिने वाईट गेले. दोन छापखान्यांनी पत्र वाचून ते दोन बोटांत धरून परत दिलं. नवऱ्याच्या बाकाशेजारी बसून ती कवळ्यांचे साचे पुसू लागली, आणि एकदा तर त्याच्या पावतीपुस्तकातल्या चुका काढल्यावर तो म्हणाला, "अगं, गिऱ्हाइकाला दात नाहीत, त्याला टिंब कुठलं दिसतंय?" दोघंही खूप हसली. त्या दिवसांत हसायला तेवढंच होतं.

तिसरा छापखाना औषधांच्या खोक्यांचा आणि आतल्या माहितीपत्रकांचा होता. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी पत्र वाचलं, चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं.

"समजा मी सांगितलं की डोसाच्या खालची ही सूचना गाळा, पानात बसत नाही. काय कराल?"

"आधी पट्टी लावून मोजेन. मग विचारेन, कोणी सांगितलं. मग नाही म्हणेन."

"आणि मी म्हटलं, मालकांचा आदेश आहे?"

"तर मालकांना नाही म्हणेन."

बाईंनी खणातून छापील करारपत्र काढून पुढे ठेवलं. टिंबताईने पूर्ण वाचलं, अगदी खालच्या बारीक अक्षरांपर्यंत. सातव्या कलमात लिहिलं होतं, वरिष्ठांचा प्रत्येक आदेश विनाअट पाळण्यास मी बांधील आहे. तिने 'प्रत्येक' आणि 'विनाअट' या दोन शब्दांवर रेघ मारली, वर लहान अक्षरात 'रास्त' असं घातलं, समासात सही केली आणि कागद उलटा फिरवून बाईंकडे दिला.

बाईंनी तो बदल पाहिला. काही क्षण त्यांचं पेन कागदाच्या वर थांबलं. मग त्यांनी तिच्या सहीशेजारी आपली सही केली आणि म्हणाल्या, "उद्या नऊला या."

"साडेआठला येते," टिंबताई म्हणाली. "तुमच्या बाहेरच्या पाटीत दोन चुका आहेत."